खळ्याचे कारणही छापा

महोदय,

सूर्याला खळे पडले, म्हणजे भोवती प्रकाशाचे कडे दिसले, की त्याचे फोटो ‘दुर्मिळ चमत्कार’ म्हणून फिरतात, वर्तमानपत्रांतही येतात. खळे तितके दुर्मिळ नाही आणि त्याचे कारण तर फोटोइतकेच देखणे आहे. ते मात्र कुणी छापत नाही, याची खंत वाटते.

खूप उंचावरचे विरळ, पिंजल्यासारखे सिरस ढग बर्फाच्या स्फटिकांचे असतात. स्फटिक षटकोनी. एका बाजूने शिरलेला किरण मधली बाजू सोडून पलीकडच्या बाजूने बाहेर पडतो. या दोन बाजूंमध्ये ६० अंशांचा कोन असल्याने स्फटिक लोलकाचे काम करतो. किरण किमान २२ अंशांनी वळतो आणि सर्वाधिक प्रकाश तिथेच एकवटतो. म्हणून कड्याची आतली कड रेखीव, लालसर. बाहेरची विरत गेलेली. आणि आतले आकाश जरा काळपट. चपट्या चकतीसारखे स्फटिक आडवे तरंगत असतील, तर सूर्याच्या दोन्ही अंगांना, त्याच्याच उंचीवर, झगझगीत ठिपके उमटतात.

पुष्कळ स्फटिक मात्र खडबडीत किंवा एकमेकांना चिकटलेले असतात. त्यांच्यातून खळे उमटत नाही, पण ते गुळगुळीत स्फटिकांपेक्षा जास्त ऊन अवकाशात परत पाठवतात. हेच ढग जमिनीची उष्णताही अडवतात. त्यामुळे हवामानाच्या गणितात स्फटिकाचा आकार फार महत्त्वाचा ठरतो.

पुढच्या वेळी फोटोखाली एवढे चार शब्द जरूर द्यावेत. शिवाय खळे पाहताना सूर्यबिंब भिंतीआड किंवा हाताआड झाकावे, ही सूचनाही ठळक छापावी.

– एक वाचक