‘टेस्टेड ओके’ मदरबोर्डबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय

विषय : सदोष मदरबोर्ड वॉरंटीत बदलून मिळण्याबाबत आणि पुण्याच्या सर्व्हिस सेंटरच्या कामाबाबत

महोदय,

मुलीच्या आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी घरी नवीन कॉम्प्युटर जुळवला. त्यात आपल्या कंपनीचा बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड (कॉम्प्युटरचे सगळे भाग जोडणारा मुख्य सर्किट बोर्ड) आहे. तो सांगलीतल्या आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून जीएसटी बिलासह सुमारे १६,००० रुपयांना घेतला. प्रोसेसर रायझन ५ ७६०० आणि रॅम (मेमरी) डीडीआर५, १६ जीबीच्या दोन स्टिक. बोर्ड वॉरंटीच्या मुदतीत आहे, हे आपले लोकही मान्य करतात. माझी तक्रार आहे ती त्यांनी बोर्ड कसा तपासला आणि नंतर दोष कोणाच्या माथी मारला याबद्दल.

बोर्डवर रॅमच्या स्टिक बसवायचे स्लॉट ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाजूंत (चॅनेलमध्ये) असतात. मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे ए२ आणि बी२ या स्लॉटमध्ये दोन्ही स्टिक लावल्या की पंखे फिरतात, स्क्रीन काळीच राहते आणि बोर्डच्या कडेचा डीरॅमचा, म्हणजे मेमरीत अडचण असल्याचे सांगणारा, पिवळा दिवा पेटून राहतो. डीडीआर५ला पहिल्यांदा चालू होताना मेमरी ट्रेनिंगसाठी, म्हणजे रॅमशी जुळवून घ्यायला, काही मिनिटे लागतात हे माहीत होते, म्हणून लगेच बटण दाबून बंद केला नाही. आमची जेवणे उरकली तरी दिवा हलला नाही.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडला ते लिहून ठेवायचे, हे रोज मुलांना सांगतो. तेच घरी केले. कॅबिनेटमधल्या स्टँडऑफमुळे (बोर्ड टेकवायच्या धातूच्या खुंट्यांमुळे) बोर्ड कुठे शॉर्ट होतोय का हे कळावे म्हणून तो बाहेर काढून त्याच्याच खोक्यावर ठेवून चालवला. सेल काढून सीमॉस क्लिअर केले, म्हणजे बोर्डच्या सेटिंग मूळ स्थितीत आणल्या. पेन ड्राइव्हवरून बायोस (बोर्डचे स्वतःचे सॉफ्टवेअर) अपडेट केले. कूलरचा दाब एका बाजूला जास्त पडला तरी मेमरीचा एखादा चॅनेल दिसेनासा होतो, म्हणून कूलर उतरवून स्क्रू तिरक्या क्रमाने पुन्हा बसवले. पॉवर सप्लाय दुसरा लावून पाहिला. ग्राफिक्स कार्डाचा प्रश्नच नव्हता, कारण या प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स आहे.

कोणतीही एकच स्टिक ‘ए’च्या स्लॉटमध्ये असली तर कॉम्प्युटर चालू होतो आणि विंडोजही चालते. ‘बी’च्या कोणत्याही स्लॉटमध्ये कोणतीही स्टिक लावली की पुन्हा पिवळा दिवा. मेमरी हाताळणारा भाग, मेमरी कंट्रोलर, प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे संशय त्याच्यावरही होता. तोही फेडून घेतला. एका माजी विद्यार्थ्याकडे याच सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या जागेचा) चालू बोर्ड आहे. त्यावर माझा प्रोसेसर आणि माझ्या दोन्ही स्टिक लावल्या, तर पूर्ण ३२ जीबी दिसली. त्याचा प्रोसेसर माझ्या बोर्डवर लावला, तर ‘बी’ बाजू तशीच मेलेली. दोष बोर्डातच आहे, हे यापेक्षा स्पष्ट कसे दाखवायचे?

हे सगळे मी टेबलच्या स्वरूपात लिहून बोर्डसोबत पुण्याला पाठवले होते. ते कोणी उघडून वाचले असेल असे वाटत नाही. काही दिवसांनी बोर्ड परत आला, त्यावर शेरा ‘टेस्टेड ओके, नो फॉल्ट फाउंड’. फोन करून विचारले, तर तपासणीत एकच स्टिक लावली होती, आणि तीही ए२ मध्ये, असे तिथल्या इंजिनिअरने सहज सांगितले. म्हणजे चालणारी बाजू तपासली आणि चालते असे लिहून दिले. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याच्या जर्नलवर सही केली नसती.

बोर्ड पुन्हा पाठवला. या वेळी शेराच बदलला : ‘सॉकेटच्या पिना वाकलेल्या, ग्राहकाकडून झालेले नुकसान, वॉरंटी लागू नाही.’ पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. या सॉकेटमध्ये पिना बोर्डवरच असतात, एकूण १७१८, आणि त्या वाकल्या तर मेमरीचा चॅनेल जाऊ शकतो, हे मला मान्य आहे. पण हा फोटो नीट पाहा. एवढा जवळून घेतलाय की सीरियल नंबरचे स्टिकर कुठेच दिसत नाही. कोपऱ्यातल्या तीन-चार पिना एका दिशेला कललेल्या आहेत आणि सॉकेटच्या धातूच्या चौकटीवर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात ती थर्मल पेस्ट, राखाडी रंगाची, माखलेली आहे. मी वापरलेली पेस्ट पांढरी होती, आणि चौकट पुसून, सॉकेटवर काळे प्लास्टिकचे कव्हर लावूनच मी बोर्ड पॅक केला होता. पॅक करण्यापूर्वी काढलेल्या माझ्या फोटोत सीरियल नंबर, सरळ पिना आणि स्वच्छ चौकट एकाच चौकोनात दिसतात.

माझ्या फोटोवर विश्वास ठेवायचा नसेल तर स्वतःच्या कागदावर ठेवा. दोन्ही वेळच्या जॉबशीटवर, बोर्ड ताब्यात घेताना आपल्याच माणसाने ‘फिजिकल डॅमेज : निल, सॉकेट कव्हर : आहे’ असे लिहून शिक्का मारला आहे. त्यानंतर त्या सॉकेटमध्ये प्रोसेसर बसवला तो आपल्या इंजिनिअरने. मग पिना ग्राहकाने कधी वाकवल्या? शिवाय, पिना आधीपासूनच वाकलेल्या होत्या असे म्हणायचे असेल तर पहिला ‘टेस्टेड ओके’ शेरा खोटा ठरतो. दोन्ही शेरे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

मी हा प्रश्न सर्व्हिस सेंटरला ईमेलने विचारला. उत्तर आले ते छापील : पेड रिपेअरसाठी संमती द्या, अन्यथा बोर्ड परत घेऊन जा. संमती मी देणार नाही आणि बोर्डही परत घेणार नाही. तो आहे त्या स्थितीत, सीलबंद करून आपल्या ताब्यात ठेवावा.

माझी मागणी अशी. त्याच मॉडेलचा नवीन, खोके न फोडलेला बोर्ड द्यावा, दुरुस्त करून पुन्हा पॅक केलेला नको. मॉडेल उपलब्ध नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत करावी. त्याचबरोबर दोन्ही तपासण्यांचा लेखी अहवाल द्यावा. कोणत्या स्लॉटमध्ये किती स्टिक लावल्या आणि पिनांचा फोटो कोणत्या तारखेला, कोणी काढला, हे त्यात असले पाहिजे. कुरिअरचे दोन्ही वेळचे पैसे मी भरले आहेत, तेही परत मिळावेत.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू व सेवेतील त्रुटी या दोन्ही मुद्द्यांवर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. त्या कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही लागत नाही. गरज पडल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. तशी तपासणी झाली तर माझी हरकत नाही, फक्त स्टिक दोन्ही बाजूंना लावून व्हावी.

कळावे,

आपला ग्राहक,
(सही)
सांगली

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही जॉबशीट, माझ्या तपासणीचा तक्ता, पॅकिंगपूर्वीचे फोटो, सर्व्हिस सेंटरने पाठवलेला फोटो आणि ईमेलच्या प्रती