चेनसॉच्या बिलावर बोअर आणि स्ट्रोक लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वळवाचे दोन पाऊस झाले की गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगडच्या रस्त्यांवर झाडं आडवी व्हायला लागतात आणि गावोगाव चेनसॉची, म्हणजे झाडं कापायच्या इंजिनवाल्या साखळी-करवतीची, खरेदी सुरू होते. ग्रामपंचायती घेतात, काजूवाले घेतात, वखारवाले घेतात. स्वस्तातल्या मशीनवर ५८, ६२, ६८, ७२ असे आकडे ठळक छापलेले असतात, पुढे ‘सीसी’ (इंजिनाचं घनफळ, घन सेंटिमीटरमध्ये) लिहिलेलं असतं, आणि गिऱ्हाईक मोठा आकडा बघून पैसे मोजतं. हा आकडा बहुतेक वेळा मोजलेला नसतो. पुष्कळदा तो नुसता मॉडेल नंबर असतो. ५८०० मॉडेल म्हणजे ५८ सीसी, ६२०० म्हणजे ६२, असं समजून घेतलं जातं आणि विकणारा ते खोडून काढत नाही. सांगाडा तोच, सिलिंडर तोच, फक्त स्टिकर वेगळा, असाही माल येतो.

ज्या कोल्हापूर शहराने ऑइल इंजिनं घडवली, जिथे उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा पोरगाही आधी ‘बोअर किती?’ म्हणून विचारतो, तिथे सीसीचा आकडा डोळे झाकून घेतला जावा हे पटत नाही.

हिशेब साधा आहे. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टन खालून वर जितका सरकतो ते अंतर. बोअर मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग स्ट्रोकने गुणा, मग ०.७८५४ ने गुणा आणि हजाराने भागा. खात्री करायची असेल तर स्टिल (STIHL) या चेनसॉ कंपनीचं एमएस २५० घ्या. बोअर ४२.५, स्ट्रोक ३२. उत्तर येतं ४५.४ सीसी, आणि कंपनी तेवढंच छापते. त्याच कंपनीच्या एमएस ३६२ चा बोअर ४७ आणि स्ट्रोक ३४ आहे, म्हणजे ५९ सीसी. खऱ्या ५९ सीसीचा पिस्टन केवढा असतो ते यावरून ध्यानात येईल.

आता स्वस्त मशीनकडे या. यांची पिस्टन किट बाजारात मुख्यतः ४३, ४५ आणि ४५.२ मिमी या मापांत मिळतात. ४५.२ चा बोअर धरला, तर ६२ सीसी व्हायला स्ट्रोक ३८.६ मिमी लागेल आणि ५८ व्हायला ३६.१. हाच स्ट्रोक मोजल्यावर ३२ निघाला तर इंजिन ५१.३ सीसीचं, ३४ निघाला तर ५४.६ चं. ४३ चा बोअर आणि ३१ चा स्ट्रोक असेल तर जेमतेम ४५. म्हणून दुकानात पहिला प्रश्न सीसीचा विचारूच नये. ‘याचं पिस्टन किट कुठल्या साइजचं बसतं, दाखवा’ म्हणावं. ६२ सीसी म्हणून मशीन विकणारा दुकानदार ४५.२ चं पाकीट पुढे ठेवतो तेव्हा बोअरचं उत्तर मिळालेलं असतं. उरला स्ट्रोक.

स्ट्रोक इंजिन न उघडता मोजता येतो. स्विच बंद करा, स्पार्क प्लग काढा. प्लगच्या भोकातून पनीर टिक्क्याला लावतात तशी बांबूची जाड काडी पिस्टनच्या माथ्यावर टेकवा. खराट्याची किंवा उदबत्तीची काडी नको, ती आत मोडते. लोखंडी तार तर नकोच, पिस्टनला आणि सिलिंडरच्या आतल्या मुलाम्याला ओरखडे पडतात. स्टार्टरची दोरी हाताने अगदी हळू ओढा, झटका देऊ नका. पिस्टन वर येऊन जिथे थबकतो तिथे, भोकाच्या काठाला लागून काडीवर पेनाने खूण करा. मग पिस्टन पूर्ण खाली नेऊन दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे स्ट्रोक. काडी सतत मध्यावर राहिली पाहिजे. पिस्टन खाली असताना काडीचं टोक कडेच्या पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या वाटेत) शिरलं आणि तेवढ्यात पिस्टन वर आला, तर टोक कापलं जाऊन आत पडतं.

इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. अनेक चेनसॉमध्ये प्लग सरळ उभा नसतो, तिरका असतो. तिरक्या भोकातून मोजलेलं अंतर खऱ्या स्ट्रोकपेक्षा जास्त येतं, म्हणजे चूक विकणाऱ्याच्या फायद्याची होते. प्लग सिलिंडरच्या रेषेशी किती अंशांचा कोन करतो ते कंपासपेटीतल्या कोनमापकाने पाहा. १५ अंश असेल तर मोजलेल्या अंतराला ०.९६६ ने गुणा, २० असेल तर ०.९४ ने, ३० असेल तर ०.८६६ ने. काडीवर ३४ मिमी आले आणि प्लग २० अंश तिरका असला, तर खरा स्ट्रोक ३२ धरायचा. एवढ्या एका दुरुस्तीने सव्वातीन सीसी कमी होतात.

काही जण प्लगच्या भोकातून सिरिंजने तेल भरून सीसी मोजू पाहतात. फोर-स्ट्रोक इंजिनाला ही युक्ती थोडीफार चालेल, पण हे चेनसॉ टू-स्ट्रोक असतात, इथे ती चालत नाही. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली गेला की एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर पोर्ट उघडे पडतात. ओतलेलं तेल सायलेन्सरमध्ये आणि क्रँककेसमध्ये (सिलिंडरखालच्या क्रँकच्या पेटीत) उतरतं, माप तर मिळत नाहीच आणि नंतर मशीन सुरू होताना छळतं.

पक्कं माप हवं असेल तर सिलिंडर उतरवावा लागतो. वरचं झाकण, एअर फिल्टर, कार्बोरेटर, सायलेन्सर काढून सिलिंडरचे चार ॲलन बोल्ट सोडले की तो सरळ वर ओढून निघतो. क्रँककेसच्या तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंबा, वॉशर आत पडला तर सगळंच खोलावं लागतं. व्हर्नियर कॅलिपरच्या आतल्या जबड्यांनी बोअर खालच्या तोंडाशी, पोर्ट चुकवून, दोन दिशांनी मोजा. पिस्टन मोजायचा तर गजनपिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेच्या) खाली, पिनेला काटकोनात. माथ्याशी मोजू नका, तिथे तो मुद्दाम बारीक ठेवलेला असतो. प्लास्टिकच्या पट्टीने हे काम करू नये. बोअरला एक मिमीची चूक झाली तर सीसीत सव्वादोनचा फरक पडतो, कारण बोअरचा वर्ग होतो. स्ट्रोकसाठी पिस्टन सरळ धरून क्रँककेसच्या तोंडापासून त्याच्या माथ्याची उंची वर आणि खाली मोजा आणि वजाबाकी करा.

परत बसवताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे हवा आणि पिस्टनभोवतीच्या रिंगेची दोन्ही टोकं खाचेतल्या छोट्या पिनेवर जुळलेली हवीत. टोक सरकून पोर्टवर आलं तर पहिल्या काही फेऱ्यांतच रिंग तुटते. खालचं पॅकिंग नवीनच घाला. फाटक्या पॅकिंगमधून हवा शिरली की मिश्रण कोरडं पडतं आणि पिस्टन धरतो. काही छोट्या मशीनमध्ये सिलिंडरचाच खालचा भाग क्रँककेसचा वरचा अर्धा भाग असतो. तिथे सिलिंडर उचलला की क्रँक, बेअरिंग, सील सगळं मोकळं होतं. असं मशीन मापासाठी उघडू नका, काडीवरच भागवा.

दोन-चार सीसीने काय बिघडतं, असं म्हणणाऱ्यांनी रिंगेचा हिशेब पाहावा. ४५ आणि ४५.२ या बोअरच्या परिघात ०.६३ मिमीचा फरक आहे. ४५ ची रिंग ४५.२ मध्ये घातली तर तोंडाची फट तेवढ्याने वाढते, कॉम्प्रेशन गळतं, दोरी हलकी लागते, मशीन गरम झालं की सुरू होत नाही. उलट ४५.२ ची रिंग ४५ मध्ये कोंबली तर फट संपते, गरम होऊन रिंग फुगली की टोकं एकमेकांवर आदळतात आणि ती सिलिंडर ओरबाडते. स्टिकरवरचा आकडा सांगून किट मागवणाऱ्यांची हीच गत होते. म्हणून नवी रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती सिलिंडरमध्ये सरकवून फट बघायची सवय लावा.

चुकीच्या बारने (चेन ज्या पट्टीवर फिरते त्या पट्टीने) होणारं नुकसान याहून मोठं. ‘६२ सीसी’ला शोभावा म्हणून २२ इंची बार लावून देतात. ४५-५० सीसीच्या इंजिनाला १६ ते १८ इंची बार पेलतो. २२ इंची बार बाभळीत किंवा जांभळात पूर्ण रुतला की चेन थांबते, क्लच घसरत राहतो, ड्रम निळा पडतो, आणि क्लचमागचा तेलपंपाचा प्लास्टिकचा गिअर वितळला की बारला तेल जायचं बंद होतं. ताकद कमी पडते म्हणून मग कार्बोरेटरचा हाय स्क्रू आवळतात. आवाज चढतो, पेट्रोल आणि त्याबरोबरचं टू-टी ऑइल कमी जातं, आणि पिस्टन जाम होतो. दोष ऑइलला दिला जातो. ऑइलचं प्रमाण सीसीवर नाही, पुस्तिकेवर ठरतं. २५ ला १ म्हटलं असेल तर लिटरला ४० मिली, ५० ला १ म्हटलं असेल तर २० मिली.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. दुकानदारांनी बिलावर सीसीबरोबर बोअर आणि स्ट्रोक मिलिमीटरमध्ये लिहून द्यावा. ग्रामपंचायती आणि सरकारी कार्यालयांनी कोटेशन मागवताना ‘६२ सीसी चेनसॉ’ एवढंच न लिहिता बोअर, स्ट्रोक, किलोवॅट आणि बारची लांबी मागावी, आणि माल ताब्यात घेताना प्लग काढून काडीने स्ट्रोक तपासावा. एका मशीनला दहा मिनिटं लागतात.

मालाची प्रत किंवा दर्जा खोटा सांगणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. माल ऑनलाइन, परगावाहून घेतला असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वॉरंटी चालू असेल तर सिलिंडर स्वतः उघडू नका, उघडलं म्हणून दुकानदार आणि कंपनी हात वर करतील. बिल, स्टिकरचा फोटो आणि काडीवरच्या खुणा व्हर्नियरने मोजतानाचा फोटो ठेवा. त्या फोटोत व्हर्नियरचा आकडा आणि मशीनचा सीरियल नंबर एकत्र दिसला पाहिजे.

आपला,
एक यंत्रकामगार
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर