सिकलसेलच्या गोळीची चाचणी धडगावात घ्या, पण सही आईची घ्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

मी आश्रमशाळांत बावीस वर्षे अधीक्षिका होते, त्यातली शेवटची नऊ नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात. आता निवृत्त आहे म्हणून उघडपणे लिहिते. नोकरीत असते तर हे पत्र 'योग्य मार्गाने' पाठवावे लागले असते, आणि ते कुठल्या टेबलावर अडले असते हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

श्रावणातली रात्र होती. सातपुड्यातला पाऊस आणि त्यामागून आलेला गारठा. सातवीतली एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती. "बाई, हाडं फुटताहेत," एवढेच म्हणायची. डोळे हळद लावल्यासारखे पिवळे. तिच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी लाल कार्ड सापडले. आमच्याकडे लाल कार्ड म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा रुग्ण आणि पिवळे म्हणजे वाहक. ते कार्ड मी त्याआधी पाहिलेच नव्हते. वर्षभर दर सोमवारी बाकीच्या मुलींबरोबर तिलाही निळी गोळी देत होते, रक्त वाढावे म्हणून. तिच्या रक्ताचे दुखणे निराळेच होते. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. हिच्या पेशी विळ्यासारख्या वाकत, बारीक नसांत अडकत आणि दहा-वीस दिवसांत फुटून जात. रक्तक्षय म्हटला की लोह, एवढेच आम्हाला शिकवलेले. राज्यातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. त्या ५४ टक्क्यांत ही मुलगी कोणत्या रकान्यात बसते, ते कोणी विचारत नाही.

पुढे तिला हायड्रॉक्सीयुरिया सुरू झाले. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची आणि पोरीचे वजन २४ किलो. डॉक्टरांनी एक दिवसाआड एक सांगितली. मी कॅलेंडरवर टिकमार्क करून द्यायची. पुढच्या पावसाळ्यात ती एकदाच आजारी पडली, आणि शाळेच्या कबड्डीच्या संघात राखीव खेळाडू म्हणून का होईना, तिचे नाव लागले.

मग उन्हाळ्याची सुटी आली. ज्या सरकारी रुग्णालयातून गोळी मिळायची तिथे साठा संपलेला. चिठ्ठी घेऊन आई बाजारातल्या मेडिकलवर गेली, तर दुकानदार म्हणाला, "ही तर कॅन्सरची गोळी." आईने घरात उरलेल्या चार कॅप्सूलही चुलीत टाकल्या. जूनमध्ये माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "पोरीला कॅन्सर आहे, तुम्ही लपवलं." मला धड उत्तर देता आले नाही, कारण दुकानदार खोटे बोलला नव्हता. हे औषध आधी रक्ताच्या कर्करोगावरच वापरले गेले. ते गर्भातल्या बाळाचे जे खास हिमोग्लोबिन असते ते वाढवते आणि त्यामुळे पेशी वाकत नाहीत, हे नंतर कळले. १९९५ साली अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीचा निष्कर्ष आला, वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले होते. तेव्हापासून कर्करोगाची गोळी सिकलसेलची गोळी झाली. मेडिकलवाल्यापर्यंत ही बातमी पोहोचायला तीस वर्षेही पुरली नाहीत.

महोदय, माझी मागणी अशी आहे की या गोळीची चाचणी आमच्या डोंगरात व्हावी.

तुम्ही म्हणाल, चाचणी तर झालेली आहे. झाली आहे, आणि आपल्याच राज्यात झाली आहे. भारतीय रुग्णांत ते बाळाचे हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते, म्हणून आपला सिकलसेल सौम्य, असा समज बरीच वर्षे होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांना वॉर्डात निराळे दिसत होते. त्यांनी आजार तीव्र असलेल्या ६० मुलांवर रोज किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेची चाचणी घेतली, २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. झटके खूपच कमी झाले. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च, आणि या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरण्याची धास्तीही कमी. सरकारी दवाखान्याला झेपेल असे संशोधन सरकारी दवाखान्यातूनच आले, याचा मला मोठा अभिमान आहे.

पण २०२० साली युगांडातल्या मुलांवर झालेली चाचणी वेगळे सांगते. तिथे मात्रा ठरावीक ठेवण्यापेक्षा सोसेल तितकी हळूहळू वाढवली, तेव्हा मुले अधिक बरी राहिली. मग आमच्या पोरींना किलोमागे १० मिलिग्रॅम पुरेत की २० हवेत? अर्धपोटी वाढलेल्या, दिवाळीनंतर आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या, महिन्याला रक्त तपासायला येऊ न शकणाऱ्या मुलीला किती द्यावे? याचे उत्तर युगांडाच्या कंपालात मिळणार नाही आणि नागपुरातही पूर्ण मिळणार नाही. नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, चंद्रपूरला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) रक्तविकारांचे केंद्र आहे. माणसे आहेत, रुग्ण तर आहेतच. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. तपासण्यांचा आकडा रोज वर जातो. किती जणांना सलग बारा महिने गोळी मिळाली, तो आकडा मला कुठल्याच फलकावर दिसला नाही.

आता सहीचे. २००९ साली आंध्रात खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस एका प्रकल्पात दिली गेली. संमतीपत्रावर अनेक ठिकाणी आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. ते वाचले तेव्हा मला घाम फुटला. वॉर्डन म्हणजे मीच की. साहेब गाडीतून उतरून म्हणाले असते, "बाई, इथे सही करा," तर मी दोनशे फॉर्मांवर सही करून त्यांना वर चहाही दिला असता. औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनी माणसाला समजेल त्या भाषेत माहिती देणे बंधनकारक केले आहे. आमच्याकडे ती भाषा पावरी आहे, भिली आहे. इंग्रजी फॉर्मचे मंत्रालयी मराठीत केलेले भाषांतर त्या आईला इंग्रजीइतकेच परके. चाचणी घ्याल तेव्हा पावरी बोलणारी आशाताई शेजारी बसवा, "ही गोळी कॅन्सरलाही देतात" हे पहिल्या दिवशी सांगा, आणि आईची बुडालेली मजुरी द्या. सिकलसेलच्या रुग्णाला एसटी फुकट आहे, पण पाड्यापासून एसटीच्या थांब्यापर्यंतची वाट पायीच असते. चाचणी संपल्यावर गोळी बंद होणार असेल तर मात्र सुरूच करू नका.

संशोधनाचे देणे कसे फिटते याचे एक उदाहरण मुंबईतच आहे. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई १९२८ च्या सुमारास परळच्या हाफकिन संस्थेत आल्या आणि गिरणगावातल्या गरोदर कामकरी बायकांच्या रक्तक्षयाच्या मागे लागल्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. मी दर सोमवारी वाटलेल्या निळ्या गोळीत लोहाबरोबर तेच असते. आणि याच फॉलिक अ‍ॅसिडला शरीरात अडवणारे औषध आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव या शास्त्रज्ञांच्या चमूने अमेरिकेत बनवले, बोस्टनमध्ये रक्ताच्या कर्करोगाने मरणाऱ्या मुलांना त्याने १९४८ च्या सुमारास पहिल्यांदा काही महिन्यांची उसंत मिळाली. हाफकिनपासून हाकेच्या अंतरावर टाटा रुग्णालय. त्यांनी आणि आयआयटी मुंबईने मिळून घडवलेल्या, रुग्णाच्याच पेशी बदलून रक्ताच्या कर्करोगाशी लढणाऱ्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशात कोट्यवधी रुपयांना मिळणारा उपचार इथे लाखांत आला. चाचण्या इथे झाल्या म्हणूनच आला ना?

त्या मुलीसाठी मात्र लाखही लागत नाहीत. मुलांसाठीचे हायड्रॉक्सीयुरियाचे पातळ औषधही आता देशात बनते. निदान ते प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवा, म्हणजे २४ किलोच्या पोरीसाठी कॅलेंडरवर दिवसाआडच्या खुणा कराव्या लागणार नाहीत.

उत्तर पाठवणार असाल तर दिवाळीआधी पाठवा. तिच्या आईला मी ते पावरीत वाचून दाखवीन. दिवाळीनंतर ती बारडोलीकडे उसाच्या फडात असते.

आपली,
एक निवृत्त अधीक्षिका
जिल्हा नंदुरबार