प्रकल्प दुसऱ्याच्या संगणकावरही चालावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे वेब प्रकल्प तपासताना यंदा एका महाविद्यालयात जे आढळले, त्याविषयी लिहीत आहे. विद्यार्थ्यांनी पेनड्राइव्हवर दिलेल्या फोल्डरमध्ये ‘नोड मॉड्यूल्स’चे, म्हणजे प्रकल्पात वापरलेल्या तयार कोडच्या पॅकेजांचे, हजारो फायलींचे गाठोडे होते, मात्र पॅकेज-लॉक फाइल ‘एरर येत होती’ म्हणून काढून टाकलेली होती. व्हायला हवे होते नेमके उलटे, कारण ते गाठोडे एका कमांडने केव्हाही पुन्हा तयार होते, पण कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती वापरली याची नोंद फक्त लॉक फाइलमध्ये असते.

प्रकल्पाला लागणाऱ्या पॅकेजांची यादी असलेल्या ‘पॅकेज डॉट जेसन’ फाइलमध्ये आवृत्तीच्या आकड्याआधी येणारे काकपदाचे चिन्ह (^, मुद्रितशोधकांचे जुने ओळखीचे!) त्याच मुख्य आवृत्तीतील पुढची कोणतीही सुधारित आवृत्ती चालेल, असे सांगते. त्यामुळे लॉक फाइल नसेल, तर जानेवारीत चाललेला प्रकल्प मे महिन्यात दुसऱ्या संगणकावर वेगळ्याच पॅकेजांवर उभा राहतो. २०१७ मध्ये एनपीएमच्या, म्हणजे ही पॅकेजे पुरवणाऱ्या आणि बसवणाऱ्या साधनाच्या, पाचव्या आवृत्तीने ही फाइल आपोआप तयार करण्याची सोय केली. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘चॉक’ आणि ‘डीबग’ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पॅकेजांच्या घातक आवृत्त्या काही तास एनपीएमवर होत्या. त्या वेळी जुनी लॉक फाइल जपून ‘एनपीएम सीआय’ या, लॉक फाइलमधल्याच आवृत्त्या घेणाऱ्या कमांडने पॅकेजे बसवणाऱ्यांकडे त्या शिरल्या नाहीत.

प्रयोगवहीत अजूनही रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीवरचा नवा प्रकल्प उभारून देणारे ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ हे साधनच लिहिलेले असते. नव्या प्रकल्पांसाठी ते वापरू नये, असे रिॲक्टच्या चमूने फेब्रुवारी २०२५ मध्येच जाहीर केले असून नेक्स्टसारखी फ्रेमवर्क किंवा व्हीटसारखी बिल्ड साधने सुचवली आहेत. अर्थात साधन बदलले म्हणजे शिस्त येते असे नाही. व्हीटमध्ये ‘व्हीट’ या उपसर्गाने सुरू होणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कोडबाहेर ठेवलेली सेटिंग) कोडमध्ये वापरले, की त्यातले मूल्य थेट ब्राउझरपर्यंत पोहोचते, हे ठाऊक नसल्याने पासवर्डसारखी गुप्त ‘की’ अशा व्हेरिएबलमध्येच ठेवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

विद्यापीठांनी प्रकल्पाच्या मूल्यमापनात किमान दहा गुण एका साध्या चाचणीसाठी राखून ठेवावेत: परीक्षकाने गिट रिपॉझिटरी (प्रकल्पाचा सगळा कोड जिथे साठवलेला असतो ती) कोऱ्या संगणकावर उतरवून, रीडमी फाइलमध्ये दिलेल्या सूचनांनुसार, विद्यार्थ्यांची मदत न घेता प्रकल्प सुरू करून पाहावा.

आपला,
एक बाह्य परीक्षक, पुणे