वीकनेसचा हिशेब

प्रिय मित्रा,

दिवाळीत तू माझ्याकडे माइनक्राफ्ट खेळायला आला होतास, तेव्हा दलदलीतल्या झोपडीपाशी विचने, म्हणजे चेटकिणीने, तुझ्यावर वीकनेसचं (अशक्तपणाचं) पोशन फेकलं आणि हातात हिऱ्याची तलवार असून तू मेलास. "ही तलवार खोटी आहे," म्हणत तू माउस ठेवून उठलास. ते माझ्या मनातून जाईना. गेले दोन रविवार मी त्याच्याच मागे होतो.

माइनक्राफ्टच्या जावा एडिशनमध्ये (कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत) एका वाराचे दोन हिशेब चालतात. हत्याराचा एक, एन्चांटमेंटचा, म्हणजे त्यावर चढवलेल्या मंत्राचा, दुसरा. बेरीज अगदी शेवटी होते. वीकनेस फक्त पहिल्या हिशेबातून 4 कापतो. तुझ्या तलवारीच्या माराचे 7 आणि शार्पनेस पाचचे (धारेच्या मंत्राची पाचवी पायरी) 3, असे मिळून 10. पोशन लागल्यावर 7 चे 3 उरले, शार्पनेसचे 3 मात्र जसेच्या तसे. एकूण 6. विचचं आयुष्य 26, म्हणजे तीन वारांत मरणारी ती पाच वार झेलते, आणि मधेच बरं होण्याचं पोशनही पिते. तुझी चूक नव्हती रे.

मग मी आंबवलेला कोळ्याचा डोळा टाकून वीकनेस बनवलं, त्यात गनपावडर घातली आणि बाटली स्वतःच्याच पायाशी फोडली. हातात लाकडी तलवार. तिचे 4, त्यातून 4 गेले. गाईला मारत राहिलो, गाय जागची हलत नाही. त्याच तलवारीवर अ‍ॅन्व्हिलवर (ऐरणीवर) स्माइट पाच, म्हणजे सांगाड्यांसारख्या मेलेल्या जिवांना जास्त मार देणारा मंत्र, चढवलं आणि पुन्हा वीकनेस लावून घेतला, तर 20 आयुष्याचा स्केलेटन दोन वारांत आडवा! स्माइटचे साडेबारा तसेच्या तसे लागतात. हाताला गाय मारवत नाही आणि स्केलेटन मरतो, हे मला अजिबात पटत नाही.

उलट बाजूनेही तेच. उडी मारून खाली येताना क्रिटिकल (जोरदार वार) दिला की हत्याराचा आकडा दीडपट होतो, एन्चांटमेंटचा होत नाही. म्हणून तुझ्या तलवारीचा क्रिटिकल 15 नाही, साडेतेरा. आणि धनुष्याला तर वीकनेस शिवतसुद्धा नाही. दोरी ओढायला दंडात जोर लागत नाही का? माझं ठाम मत आहे, अशक्तपणा अंगात आला तर तो तलवारीत, मंत्रात आणि बाणात सगळीकडे दिसायला हवा. नाहीतर पोशनवर स्पष्ट लिहावं की हे फक्त लोखंड-लाकडाला लागू.

तोवर एवढं कर, विच दिसली की तलवार म्यान कर आणि लांबून बाण सोड. ती वीकनेस जवळ आलेल्यावरच फेकते, तीनएक ठोकळ्यांच्या आत.

तू आता मोबाइलवर बेडरॉक (याच खेळाची दुसरी आवृत्ती) खेळतोस, तिथे शार्पनेस पाचचे 3 नाही, सव्वासहा मिळतात. त्यामुळे माझे आकडे तिकडे लावू नकोस. लाकडी तलवार आणि गाय, एवढाच प्रयोग करून बघ आणि काय होतं ते मला कळव. मी वाट बघतोय.

तुझाच,
दलदलीतला जोडीदार