केमोवरच्या रुग्णाच्या तापावरचा उपचार स्वॅबच्या रिपोर्टसाठी थांबवू नका

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

कोविडसारख्या पुढच्या साथीची तयारी म्हणून बैठका होतात, ऑक्सिजनचे प्लांट मोजले जातात. त्यात कॅन्सरच्या रुग्णाचा वेगळा विचार आहे का, एवढंच विचारायला हे पत्र.

आमच्या राजापूर-लांज्याकडे कॅन्सर निघाला की माणूस रात्रीची गाडी धरून परळला टाटाला जातो. मार्च २०२०मध्ये गाड्या आणि एसटी थांबल्या. टाटाने दारं बंद केली नव्हती, पण तिथवर जायचं कशाने? देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांची आकडेवारी पुढे ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आली. मार्च ते मे २०२० या काळात, आदल्या वर्षीच्या मानाने, नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी आणि मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्या. रोग काही निम्म्यावर आला नव्हता.

माझ्या वहिनीला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींमधला रक्ताचा कॅन्सर. कोविडच्या दुसऱ्या लाटेत केमोनंतर आठवड्याभराने तिला ताप भरला. नेमक्या याच सुमारास पांढऱ्या पेशी तळाला जातात. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला की तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, नाहीतर साधा जंतूही रक्तात पसरून जीव घेतो. टाटाच्या फाईलमधल्या कागदावर हे लिहिलेलं होतं, आम्ही तो कागद दाखवलाही. तालुक्याच्या रुग्णालयात उत्तर मिळालं, ‘आधी स्वॅब. रिपोर्ट आला की बघू.’ रिपोर्ट दोन दिवसांनी आला, निगेटिव्ह. तोवर तिचं बीपी उतरलं होतं. ती वाचली. पुढची केमो मात्र महिनाभर लांबली. तिथल्या डॉक्टरला मी दोष देत नाही. वरून आलेल्या सूचनेत तापाचा अर्थ एकच होता, कोविड.

कोविड झालाच असता तर? रक्ताच्या कॅन्सरवाल्यांना तो सगळ्यात जड गेला, हे देशोदेशी दिसलं. वहिनीला मिळणारं रिटुक्सिमॅब हे औषध अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचं मूळच काढतं, त्यामुळे लशीचे दोन डोस घेऊनही अनेकांच्या अंगात फारसं काही तयार होत नाही. विषाणू मात्र आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. अशा रुग्णाला ‘निगेटिव्ह आल्याशिवाय केमो नाही’ अशी सरसकट अट घातली, की कॅन्सरला मोकळं रान.

तिसऱ्या डोसचंही तसंच. १० जानेवारी २०२२पासून तो आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन कर्मचारी आणि साठीपुढच्या आजारी माणसांना मिळू लागला. चाळिशीतल्या लिम्फोमाच्या बाईला १० एप्रिलपर्यंत थांबावं लागलं, तेही खासगीत पैसे मोजून. निर्णय दिल्लीचा होता आणि तेव्हा या खुर्चीत तुम्ही नसालही. पण पुढच्या वेळी वयाआधी प्रतिकारशक्ती बघा, हा आग्रह राज्याने धरायला हवा.

आमचं मागणं मोठ्या इमारतीचं नाही. केमो सुरू असलेल्या प्रत्येकाला एक कार्ड द्या. ते कार्ड आणि ताप घेऊन कुणी उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात आला, तर रात्री दोन वाजताही सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजायला, रक्त घ्यावं आणि अँटिबायोटिकची पहिली मात्रा लगेच द्यावी. स्वॅब जरूर घ्या, रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवा, पण औषध रिपोर्टसाठी अडवू नका. केमोच्या पुढच्या फेऱ्या शक्य तिथे जिल्ह्यातच द्या, म्हणजे गाड्या बंद पडल्या तरी उपचार बंद पडणार नाहीत.

आणि याचं परिपत्रक साथीची वाट बघत ठेवू नका. भातलावणी सुरू झाली की इथे लेप्टोचा ताप येतो, मागोमाग डेंग्यूचा, आणि तापाच्या त्याच रांगेत केमोवरचा माणूसही उभा असतो. जूनच्या आत काढा.

आपला,
राजापूर तालुक्यातला एक नातेवाईक