चिठ्ठीवर वजनही लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सेलूच्या मोंढ्यात एका आडतीवर २२ वर्षांपासून मुनीम आहे. दिवसभर वजनं लिहिणं हेच माझं काम. पण माझं स्वतःचं वजन गेल्या वर्षापर्यंत कुठल्याच कागदावर नव्हतं, आणि त्यापायी माझं वजन कमी करायचं ऑपरेशन अडलंय.

ज्या डॉक्टरांकडून मी नऊ वर्षं शुगरची औषधं घेतो, त्यांच्या दवाखान्यातला काटा १३० किलोपर्यंतचा. आधी त्यात बसायचो तेव्हा मला कुणी काट्यावर उभं केलं नाही. उभं केलं तोवर काटा पुरेना. कंपाउंडर दुसरीकडे बघायचा, मी चप्पल घालायचो आणि केसपेपरवरची ती जागा कोरीच राहायची. शेवटी एका सकाळी लिलावाआधी सोयाबीनच्या कट्ट्यांच्या काट्यावर मीच चढलो. एक क्विंटल एकतीस किलो! "मुनीमजी, तुमची बी हमाली लावू का?" म्हणत हमाल हसले. मीही हसलो. कपड्यांचा कडता कापला तरी सव्वा क्विंटलाच्या खाली काही मी येत नव्हतो.

डॉक्टर माणूस म्हणून लाखात एक. नापिकीच्या वर्षी त्यांनी मला इन्सुलिन उधारीवर दिलंय. पण वजन कमी करायच्या ऑपरेशनचा विषय काढला की म्हणायचे, "ते श्रीमंतांचं खूळ आहे, तुम्ही जेवण कमी करा." केलं की! भात सोडला, साखर सोडली, दोनदाच जेवून पाहिलं. पँट दोन बोटं सैल झाली आणि दिवाळीपर्यंत पुन्हा घट्ट. भूक ही काही आळशी माणसाची सवय नाही हे उपाशी राहून पाहिल्याशिवाय कळत नाही, असो. हिशोब लिहिता लिहिता वहीवरच डोळा लागायचा. मालक म्हणायचे, वय झालं. माझं वय ४७.

मला मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली ती एका तरुण डॉक्टरीणबाईंकडून. पायाला जखम झाली म्हणून गेलो होतो. त्यांनी मला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं, पट्टीने उंची मोजली: १६५ सेंटिमीटर. वजन मी मोंढ्यातलं सांगितलं, त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. मग टेपने मान मोजली, ४४ सेंटिमीटर भरली. मान कशाला, मला कळेना. त्यांनी बायकोला विचारलं, "घोरताना मधेच श्वास थांबतो का हो यांचा?" ती म्हणाली, "थांबतो ना. मग मी हलवते." इतकी वर्षं ती रात्री मला हलवत होती आणि हे मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं. बाईंनी आठ ओळींची चिठ्ठी लिहिली: वजन, उंची, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४८, तीन महिन्यांची सरासरी शुगर ९.८ टक्के, चालू औषधं, झोपेची तपासणी करावी, शस्त्रक्रियेसाठी मत द्यावे. सही, शिक्का, तारीख.

ती चिठ्ठी घेऊन संभाजीनगरला गेलो. तिथल्या सर्जननी स्पष्ट सांगितलं, जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, जन्मभर जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्या लागतात, आणि पुढे पथ्य सोडलं तर वजन परत येतं. आहारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटवलं. झोपेच्या तपासणीत श्वास थांबण्याचा आजार तीव्र निघाला.

आता घोडं अडलंय ते विम्यापाशी. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत हे ऑपरेशन बसतं, पण डॉक्टरांचा सल्ला हवा, वय १८ पूर्ण हवं, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. नाहीतर ३५ आणि सोबत आटोक्यात न येणारी टाइप २ शुगर, तीव्र स्लीप अॅप्निया (तोच झोपेत श्वास थांबण्याचा आजार) किंवा हृदयाचा ठरावीक आजार, तोही साधे उपाय करून फरक न पडलेला. माझा बीएमआय ४८ असला तरी विमा कंपनीने माझ्याकडे आधीच्या उपायांचे कागद मागितले. मुनीम माणूस, नऊ वर्षांच्या चिठ्ठ्या तारखेवार लावून नेल्या. सगळ्यांवर शुगर आहे, बीपी आहे. वजन एकीवरही नाही, "जेवण कमी करा" हेही कुठे लिहिलेलं नाही. ते फक्त तोंडी होतं. मोंढ्यात काटापट्टीशिवाय कुणी पैसे देतं का? मग विमा कंपनीला तरी दोष कसा देऊ!

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या भागातल्या डॉक्टरांनी ऑपरेशनची शिफारस केलीच पाहिजे असं नाही. ते ठरवायला सर्जन बसलेत. पण दर वेळी वजन लिहावं, उंची एकदा तरी मोजावी, पथ्य सांगितलं तर दोन शब्द कागदावर टाकावेत, आणि पेशंटने मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मागितली तर त्याची लाज काढू नये. तालुक्याच्या दवाखान्यांना २०० किलोपर्यंतचा काटा मिळावा.

तोपर्यंत आमच्या आडतीवरचा काटा सकाळी लिलावाआधी मोकळा असतो. कुणाला वजन करायचं असेल तर खुशाल यावं. हमाली लागणार नाही.

आपला,
एक मुनीम, सेलू (जि. परभणी)